सुयांची कापडी वही : आधी पाने, मग कव्हर

सुया ठेवण्यासाठी कापडाची छोटी वही शिवण्याच्या ज्या कृती वाचायला मिळतात, त्यांतील बहुतेक कव्हरचे कापड निवडण्यापासून सुरू होतात आणि आतल्या पानांसाठी ‘फेल्टचे दोन तुकडे मध्ये शिवून टाकावेत’ एवढे एकच वाक्य खर्ची घालतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. सुया कव्हरवर राहत नाहीत, पानांवर राहतात. त्या गंजणार की नाही, गळून पडणार की नाही, हवी ती सुई चटकन सापडणार की नाही, हे सारे पानेच ठरवतात. म्हणून चर्चेच्या या धाग्यात मी वहीची मांडणी आतून बाहेर अशी करते आहे. ज्यांनी अशा वह्या शिवल्या आहेत त्यांनी आपापल्या पद्धतींची भर घालावी, आणि मापांत बदल सुचवायचा असेल तर तो कारणासह लिहावा.

कापडाला कात्री लावण्याआधी घरातल्या सगळ्या सुया एका फिकट रंगाच्या कापडावर मांडाव्यात आणि त्यांचे गट पाडावेत. रोजच्या शिवणाची सुई साधारण ३ ते ५ सेंमी लांब असते. भरतकामाच्या सुईचे नेढे लांबट असते, कारण त्यातून दोऱ्याचे अनेक पदर एकदम ओवायचे असतात. लोकरीच्या कामाची सुई जाड आणि बोथट टोकाची असते, रफूची सुई बरीच लांब असते, आणि मणी ओवण्याची सुई इतकी बारीक असते की ती जराशा दाबानेही वाकते. या मांडणीतून दोन गोष्टी कळतात : सर्वांत लांब सुई किती सेंमीची आहे, आणि गट किती आहेत. पहिल्यावरून पानाची रुंदी ठरते आणि दुसऱ्यावरून पानांची संख्या. मोजमाप घेतल्याशिवाय शिवलेल्या वहीत एखादी लांब सुई पानाबाहेर डोकावत राहते आणि नेमकी तीच बोटाला टोचते.

पानांसाठी मी १ ते १.५ मिमी जाडीचे लोकरीचे फेल्ट घेते. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात आणि ओलावा, उष्णता व घर्षण यांमुळे ते एकमेकांत अडकून फेल्ट तयार होते. त्यात विणीचा ताणा-बाणा नसल्यामुळे कडा उसवत नाहीत, सुईने पडलेले छिद्र पुष्कळसे पुन्हा मिटते आणि सुई घट्ट धरली जाते. कृत्रिम तंतूंचे फेल्ट स्वस्त आणि रंगीबेरंगी असते, परंतु ते पातळ असल्यास वापराने ताणले जाते, त्यावर तंतूंच्या बारीक गोळ्या, म्हणजे बोंडे, धरतात आणि छिद्रे रुंदावत जातात. फेल्ट मिळत नसेल तर दाट विणीचे लोकरीचे जुने कापड उत्तम काम देते, फक्त त्याच्या कडांना काजाचा टाका (काजाच्या कडेला घालतात तो, कड बांधून घेणारा टाका) घालावा लागतो किंवा त्या नागमोडी कात्रीने कापाव्या लागतात. तीन मिमी किंवा त्याहून जाड फेल्ट मात्र टाळावे, कारण बारीक सुई त्यातून ओढून काढताना वाकते.

मापे अशी आहेत. मिटलेली वही ९ सेंमी रुंद आणि ११ सेंमी उंच, पाठीची पट्टी १ सेंमी. म्हणजे उघडल्यावर कव्हर १९ × ११ सेंमी. चारही बाजूंना १ सेंमी माया, म्हणजे शिलाईबाहेरचे जादा कापड, धरून बाहेरचे कापड २१ × १३ सेंमी कापावे. अस्तर मात्र लांबीरुंदीला ३ मिमी कमी कापावे, म्हणजे २०.७ × १२.७ सेंमी. वही मिटली की अस्तराचा घेर बाहेरच्या कापडाच्या घेरापेक्षा लहान होतो; दोन्ही सारखेच कापले तर अस्तराला आत चुण्या पडतात. फेल्टचा पहिला तुकडा १७ × ९.५ सेंमी आणि दुसरा, जो आत बसणार आहे तो, १६.४ × ९.५ सेंमी. हा फरक किरकोळ दिसतो, पण घडी घातल्यावर आतले पान बाहेरच्या पानाच्या जाडीमुळे पुढे सरकते आणि तो नसेल तर काठ एका रेषेत येत नाही. असे दोन तुकडे मध्यावर घडी घालून बसवले की चार पाने मिळतात.

बाहेरच्या कापडाला इस्त्रीने चिकटणारे बकरम (कापडाला ताठपणा देणारे कडक कापड) लावावे आणि ते १८.६ × १०.६ सेंमी इतकेच कापावे, म्हणजे ते शिलाईत येत नाही आणि कडा जाड होत नाहीत. खळीने कडक केलेले साधे बकरम एका धुण्यातच मऊ पडते. बकरम केवळ आकार टिकवण्यासाठी नसते. आतल्या सुईचे टोक बाहेर येऊ नये यासाठीही ते लागते. याच कारणाने कव्हरला दाट विणीचे सुती कापड घ्यावे. सैल विणीचे कापड कितीही देखणे असले तरी सुई त्यातून सहज बाहेर येते. पुठ्ठा मी वापरत नाही, कारण त्यामुळे वही धुता येत नाही आणि पुठ्ठा ओलावा धरून ठेवतो.

बंद करण्यासाठी मला बटण आणि दोऱ्याचा फास सर्वांत विश्वासाचा वाटतो. मागच्या बाजूच्या आखूड कडेच्या मध्यावर, कापडाच्या सुलट बाजूवर, फासाचे तोंड आतल्या दिशेला ठेवून तो कच्च्या टाक्याने टाचावा. त्यावर अस्तर सुलट बाजू खाली करून ठेवावे, कडा जुळवाव्यात आणि १ सेंमीवरून भोवती शिलाई घालावी. हाताने शिवत असाल तर सुमारे २ मिमीची उलटी टीप (प्रत्येक टाका मागे नेऊन घालायची सलग शिलाई) घालावी, मशीनवर २ ते २.५ मिमीचा टाका पुरतो. खालच्या लांब कडेवर ६ सेंमी जागा उलटवण्यासाठी मोकळी सोडावी. ती आखूड कडेवर किंवा कोपऱ्याजवळ सोडली तर नंतर कोपरा नीट बसत नाही. कोपरे शिलाईपासून २ ते ३ मिमी राखून तिरके कापावेत, माया ५ मिमीपर्यंत कमी करावी, पण मोकळ्या जागेजवळची माया पूर्ण ठेवावी, कारण तीच आत दुमडायची आहे. उलटवल्यावर कोपरे बोथट काडीने बाहेर काढावेत, इस्त्री करावी, मोकळी जागा आतून लपणाऱ्या टाक्याने बंद करावी आणि कडेपासून ३ मिमीवर भोवती टीप मारावी. दोन्ही टोकांपासून ९ सेंमीवर उभ्या टिपा मारल्या की मध्ये १ सेंमीची पाठ तयार होते आणि वही तिथेच नीट दुमडते.

आता पाने जोडण्याविषयी, ज्याला मी सर्वाधिक महत्त्व देते. पाने कव्हरच्या शिलाईत अडकवू नयेत. कव्हर पूर्ण झाल्यावर ती पाठीच्या मधोमध बळकट दोऱ्याने अशी शिवावीत की पुढे कधी फेल्ट झिजले तर चार-दोन टाके कापून नवी पाने घालता येतील. मध्यावर एक आणि वर-खाली एकेक अशी तीन ठिकाणे खडूने आखावीत. सुई आतून मधल्या खुणेतून बाहेर काढावी, बाहेरून वरच्या खुणेतून आत न्यावी, आतल्या आत मधली खूण ओलांडून खालच्या खुणेतून बाहेर काढावी आणि शेवटी मधल्या खुणेतून पुन्हा आत आणावी. दोऱ्याची दोन्ही टोके आता आत, लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतात; तो टाका मध्ये धरून त्यांची दुहेरी गाठ मारावी. पातळ पुस्तिका हाताने बांधताना ज्या रीतीने शिवतात, तीच ही रीत आहे.

सुया लावताना टोक नेहमी पाठीकडे आणि नेढे काठाकडे ठेवावे. सुई फेल्टमध्ये घालून पुन्हा त्याच बाजूला बाहेर काढावी, म्हणजे ती दोन ठिकाणी धरली जाते. वही उघडणाऱ्या बोटांना मग टोके लागत नाहीत आणि सुई पाठीवरून आडवी जाऊन घडीत मोडतही नाही. प्रत्येक पानाच्या वरच्या कडेला त्या गटाची खूण भरावी आणि पानावर सुयांची जागा छोट्या टाक्यांनी आखून ठेवावी. पाच जागा असतील आणि चार सुया दिसत असतील, तर पाचवी कुठे तरी पडली आहे हे काम आवरतानाच कळते. ज्या घरात लहान मुले जमिनीवर खेळतात तिथे हे आखलेले पान कव्हरवरच्या कोणत्याही भरतकामापेक्षा मोलाचे आहे.

प्रतिसाद १

मांडणी आवडली. एक भर घालावीशी वाटते. लोकरीचे फेल्टच का घ्यावे याचे सर्वांत मोठे कारण आपण लिहिलेले नाही. लोकरीत मुळातच एक स्निग्ध पदार्थ असतो आणि त्यामुळे सुया गंजत नाहीत, असे मी नेहमी ऐकत आले आहे. त्या दृष्टीने पाहिले तर कृत्रिम फेल्टची तुलनाच होऊ शकत नाही.

प्रतिसाद २

मेंढीच्या अंगावरच्या लोकरीत लॅनोलिन नावाचा मेणासारखा पदार्थ असतो हे खरे आहे, आणि कच्च्या लोकरीत त्याचे प्रमाण चांगलेच असते. परंतु सूत किंवा फेल्ट करण्याआधी लोकर गरम पाणी आणि साबण यांनी स्वच्छ धुतली जाते आणि त्या धुण्यात लॅनोलिनचा फार मोठा भाग निघून जातो. दुकानातल्या तयार, रंगवलेल्या फेल्टमध्ये सुईला संरक्षण देण्याइतके लॅनोलिन उरते असे समजणे धोक्याचे आहे, कारण त्या भरवशावर आपण सुया दमट जागी ठेवू.

उलट, ओलाव्याच्या बाबतीत लोकर सुतापेक्षा जास्त पाणी धरते. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना सुती कापडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी असते, लोकरीत सुमारे १६ टक्के आणि पॉलिएस्टरमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून लोकरीचे फेल्ट निवडायचे ते त्याच्या पकडीसाठी आणि मिटणाऱ्या छिद्रांसाठी. गंजाचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. सुई पोलादाची असते आणि तिच्यावर बहुधा निकेलचा पातळ मुलामा असतो. मुलामा शाबूत आहे तोवर गंज धरत नाही. तो घासला गेला की लोखंड, हवा आणि ओलावा एकत्र येतात, आणि बोटांच्या घामातले क्षार ती क्रिया झपाट्याने वाढवतात. काम संपल्यावर सुई कोरड्या मऊ कापडाने पुसून मगच पानावर लावणे हा सर्वांत साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

धागाकर्तीचे उत्तर

प्रतिसाद २ मधील स्पष्टीकरण फार मोलाचे आहे. मी पकडीवर भर दिला होता तो याच विचाराने. यात एक सूचना जोडते : फेल्ट कापण्याआधी ते कोमट पाण्यातून काढून पूर्ण वाळवावे. जादा रंग आणि प्रक्रियेत राहिलेली द्रव्ये निघून जातात आणि जे काही आटायचे असते ते माप घेण्याआधीच आटते. वाळवताना सपाट पसरावे, टांगू नये.

फेल्ट खरोखर लोकरीचे आहे का, हे ओळखायचे असेल तर कोपऱ्याचा लहानसा तुकडा चिमट्यात धरून, पाण्याचे भांडे जवळ ठेवून, जाळून पाहावा. लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडता येते. कृत्रिम तंतू वितळतात आणि त्यांची कठीण गोळी बनते. मिश्र फेल्टमध्ये दोन्ही लक्षणे थोडी थोडी दिसतात.

प्रतिसाद ३

बटण आणि फास देखणा दिसतो हे मान्य आहे, पण ज्यांची बोटे सांधेदुखीने आखडलेली असतात त्यांच्यासाठी लहान बटण फासात अडकवणे त्रासाचे ठरते. मी कापडात दोन लहान चपटी चुंबके शिवण्याचा विचार करत होतो. वही आपोआप मिटेल आणि एखादी सुई सुटली तरी ती चुंबकाला चिकटून राहील. चिकटपट्टी, म्हणजे खरखरीत आणि मऊ बाजू असलेली ती जोडपट्टी, हाही दुसरा पर्याय आहे. यांपैकी काय योग्य ठरेल?

धागाकर्तीचे उत्तर

आपली अडचण खरी आहे, आणि बंद करण्याची पद्धत वापरणाऱ्याच्या हातांना सोयीची असलीच पाहिजे. तरीही या वहीत चुंबक घालू नये असे माझे ठाम मत आहे. पोलादी सुया चुंबकाच्या सहवासात राहून स्वतः चुंबकित होतात, एकमेकींना चिकटतात, आणि नाजूक कामात टाचणीला किंवा कात्रीच्या पात्याला ओढल्या जातात. शिवणाच्या टेबलावर सांडलेल्या टाचण्या गोळा करण्यासाठी चुंबक उत्तम आहे, पण त्याची जागा वहीबाहेर आहे. जोडपट्टीच्या खरखरीत बाजूचे आकडे फेल्टचे तंतू आणि ओवलेला दोरा दोन्ही ओढतात, आणि पट्टी सोडवताना जो हिसका बसतो त्यात सैल सुई उडू शकते. टिचबटणाचेही तसेच आहे. ते उघडायला जोर लागतो आणि तो जोर नेमका सुया असलेल्या भागावर पडतो.

आखडलेल्या बोटांसाठी मी कापडी बंद सुचवेन. मागच्या कडेला ३५ ते ४० सेंमी लांबीचा मऊ बंद शिवावा, तो वहीभोवती एक-दोन वेढे देऊन टोक वेढ्याखाली खोचावे. गाठ मारण्याची गरज नाही. बटणच हवे असेल तर ते २५ मिमी किंवा त्याहून मोठे घ्यावे, त्याला दोऱ्याचा देठ (बटण कापडापासून जरा उंच धरणारा दोऱ्याचा वेढा) ठेवून शिवावे, आणि फास आधी न टाचता वहीत सगळ्या सुया लावून, ती मिटवून, बटणाभोवती दोरा फिरवून मगच त्याची लांबी ठरवावी. रिकाम्या वहीवर घेतलेले माप सुया भरल्यावर तोकडे पडते. फासासाठी दोऱ्याचे तीन-चार पदर घेऊन त्यांवर काजाचा टाका दाट घातला तर तो ताणला जात नाही.

प्रतिसाद ४

माझी दृष्टी अधू आहे, त्यामुळे पानावर भरलेल्या अक्षरांचा किंवा रंगांचा मला उपयोग होत नाही. मी प्रत्येक पानाच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात गाठीचे टाके घालते : पहिल्या पानावर एक गाठ, दुसऱ्यावर दोन, याप्रमाणे. अंगठा कोपऱ्यावरून फिरवला की पान कळते. गाठी पाठच्या बाजूला न घालता समोर घालाव्यात आणि दोन गाठींत निदान ६ मिमी अंतर ठेवावे, नाहीतर त्या बोटाला एकच उंचवटा वाटतात.

सुयांची टोके पाठीकडे ठेवण्याचा आपला नियम माझ्यासारख्या व्यक्तीसाठी अत्यंत आवश्यक आहे, म्हणून तो मी इथे पुन्हा अधोरेखित करते. त्याशिवाय, माझ्या वहीत एक पान अशा सुयांचे आहे ज्यांच्या नेढ्याच्या माथ्यावर बारीक खाच असते आणि दोरा वरून दाबला की आत शिरतो. या सुया नेढ्याकडच्या बाजूने फेल्टमध्ये अडकतात, तेव्हा त्या ओढताना किंचित फिरवून काढाव्यात. शिवाय माझ्या काही सुयांत दोरा आधीच ओवलेला असतो. तो लोंबकळू नये यासाठी सुई पानावर लावल्यावर तिच्या दोन्ही टोकांभोवती दोरा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा गुंडाळते. सोडवताना तो गुंतत नाही.

धागाकर्तीचे उत्तर

ही भर मूळ मांडणीत असायलाच हवी होती इतकी उपयुक्त आहे. कोपऱ्यातल्या गाठी डोळस माणसालाही कमी उजेडात उपयोगी पडतील. गाठी घालायच्या असल्यास त्या पाने कव्हरला जोडण्यापूर्वी घालाव्यात, म्हणजे दोऱ्याची मागची बाजू नीट आवरता येते.

प्रतिसाद ५

वहीऐवजी गुंडाळीच्या आकाराची सुईपिशवी अधिक सोयीची नाही का? ब्रिटिश सैनिकांना दुसऱ्या महायुद्धातही सुई, दोरा आणि बटणे यांची अशी कापडी गुंडाळी दिली जात असे. त्यात दोऱ्याची रिळे, अंगुस्तान आणि लहान कात्रीही मावते. मी १२ सेंमी रुंद आणि ३० सेंमी लांब पट्टी घेते, एका टोकाला दोन खिसे, मध्ये फेल्टचा तुकडा आणि दुसऱ्या टोकाला बंद अशी रचना करते.

प्रतिसाद ६

प्रवासासाठी गुंडाळी निःसंशय चांगली, पण ती करताना एक काळजी घ्यावी. सुया पट्टीच्या रुंदीच्या दिशेने लावाव्यात, म्हणजे त्या गुंडाळीच्या अक्षाला समांतर राहतात. पट्टीच्या लांबीच्या दिशेने लावल्या तर गुंडाळताना प्रत्येक सुईवर वाक येतो. जाड सुया फेल्ट फाडतात आणि बारीक सुया कायमच्या वाकतात. रोजच्या घरकामासाठी मात्र मी वहीच पसंत करेन, कारण गुंडाळीत मधला गट पाहायचा असला तरी सगळी उलगडावी लागते.

कव्हरसाठी कातडे वापरण्याचा विचार कोणी करत असेल तर त्याबद्दलही लिहिते. बाहेरून कातडे लावायला हरकत नाही, परंतु सुया थेट कातड्यात कधीही टोचून ठेवू नयेत. कातडे कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार त्यात राहतात आणि पोलाद त्यांच्या संपर्कात लवकर गंजते. चाकू म्यानात दीर्घकाळ ठेवल्यास डाग धरतात ते याच कारणाने. शिवाय कातड्यात पडलेले छिद्र मिटत नाही.

प्रतिसाद ७

मी आजवर सगळ्या सुया पिनकुशनमध्येच ठेवत आलो. वही करण्याचे एवढे कष्ट घ्यावेत असा तिचा वेगळा फायदा कोणता? गंज धरलेल्या सुयांचे काय करावे, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

धागाकर्तीचे उत्तर

पिनकुशन काम चालू असताना हाताशी हवेच. टाचण्या आणि त्या वेळी वापरात असलेली एखादी सुई यांच्यासाठी त्याला तोड नाही. साठवणुकीसाठी ते अपुरे पडते. आखूड सुया भरणात पूर्ण बुडतात आणि नंतर दाबल्यावर भलतीकडून टोक बाहेर येते. सुई आत गेली की तिचे टोक, लांबी, जाडी यांपैकी काहीच दिसत नाही, त्यामुळे गट पाडून ठेवता येत नाहीत. वहीत सुईचा बहुतेक भाग डोळ्यांसमोर राहतो.

गंजाच्या बाबतीत, कुरुंदाच्या भुकटीने भरलेली छोटी कापडी पुरचुंडी करून ठेवावी. हीच भुकटी घासकागदावर लावतात. हलका गंज धरलेली सुई त्यात अनेकदा खुपसून काढली की स्वच्छ होते आणि टोकालाही धार येते. मात्र ही भुकटी गंजासोबत निकेलचा मुलामाही घासते, म्हणून सुया त्यात ठेवून देऊ नयेत; घासून झाल्यावर लगेच पुसून पानावर लावाव्यात. पुरचुंडीचे कापड दाट विणीचे आणि दुहेरी असावे, अन्यथा भुकटी झिरपते. ज्या सुईवर गंजाने खड्डे पडले आहेत ती टाकून द्यावी. ती कापडाचे धागे तोडते आणि फिकट कापडावर डाग पाडते. टाकायच्या सुया झाकण असलेल्या टणक डबीत साठवाव्यात, कचऱ्यात सुट्या टाकू नयेत.

प्रतिसाद ८

लोकरीच्या पानांना कसर लागते, याचा उल्लेख अजून आलेला नाही. कसरीच्या अळ्या लोकर खातात, आणि महिनोन्महिने मिटून ठेवलेली, अंधाऱ्या खणातली वही त्यांना सोयीची जागा असते. वही वारंवार उघडली जात असेल तर फारशी काळजी नको. शिवणकाम क्वचितच होत असेल तर अधूनमधून सुया काढून पाने मऊ ब्रशने झाडावीत आणि वही थोडा वेळ उजेडात उघडी ठेवावी. उग्र वासाच्या गोळ्या वहीत घालू नयेत.

प्रतिसाद ९

मशीनच्या सुयांसाठी वेगळे पान कसे करावे? त्यांचे आकडे इतके बारीक कोरलेले असतात की एकदा पाकिटातून काढली की ७५ कोणती आणि ९० कोणती हे भिंगाशिवाय कळत नाही. शिवाय हातशिलाईच्या सुयांत मोठा आकडा बारीक सुईचा, आणि इथे मात्र उलट. एकाच वहीत दोन्ही ठेवल्या की गोंधळ होतो.

धागाकर्तीचे उत्तर

याच गोंधळामुळे मशीनच्या सुया शेवटच्या पानावर, एकट्याच ठेवाव्यात. हातशिलाईच्या सुईचा १० हा क्रमांक ५ पेक्षा बारीक असतो, तर मशीनच्या सुईवरचा मोठा आकडा दांड्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो. ९० म्हणजे ०.९ मिमी. पाकिटावर ९०/१४ असे दोन आकडे असतात ते एकाच जाडीचे दोन पद्धतींतले निर्देश आहेत. पानावर ७०, ८०, ९०, १०० असे आडवे रकाने उलट्या टिपेने आखावेत आणि आकडे भरावेत. ताणल्या जाणाऱ्या विणलेल्या कापडासाठी जी गोलसर टोकाची सुई लागते, तिच्यासाठी प्रत्येक रकान्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण करावी.

मशीनमध्ये सध्या जी सुई बसवली आहे तिच्या रिकाम्या जागी रंगीत डोक्याची टाचणी लावावी. अर्धवट वापरलेली सुई काढून दुसरी बसवताना टाचणी नव्या जागी हलवली की मशीनमध्ये कोणती सुई आहे हे मशीन न उघडता कळते. मशीनच्या सुईचा वरचा भाग जाड आणि एका बाजूने सपाट असतो, म्हणून ती टोकाकडून फेल्टमध्ये घालावी आणि जाड भाग बाहेरच ठेवावा. तो आत ढकलला तर मोठे छिद्र पडते.

प्रतिसाद १०

माझ्याकडे १२ सेंमी लांबीच्या दोन सुया आहेत, गाद्या आणि जाड उशा शिवण्याच्या. त्यांच्यासाठी वहीचे माप किती वाढवावे?

धागाकर्तीचे उत्तर

दोन सुयांसाठी सगळी वही मोठी करू नये. ती अवजड होईल आणि लहान सुया पानावर हरवल्यासारख्या होतील. अशा सुया प्रतिसाद ५ मधील गुंडाळीत ठेवाव्यात, मात्र पट्टीची रुंदी १५ सेंमी घ्यावी, कारण सुई रुंदीच्या दिशेने लावायची आहे आणि दोन्ही टोकांना निदान दीड सेंमी कापड मोकळे हवे. तिथे फेल्टही २ मिमी जाड चालेल.

वहीचेच माप बदलायचे असेल तर हिशेब असा करावा : सर्वांत लांब सुईत दीड ते दोन सेंमी मिळवले की पानाची रुंदी मिळते, आणि पानापेक्षा कव्हर काठाकडे सुमारे अर्धा सेंमी रुंद ठेवावे. पाठीची रुंदी पानांच्या संख्येवर अवलंबून असते. साधारण १.२ मिमी फेल्टची चार पाने मिळून ५ मिमी होतात आणि सुयांच्या जाडीसाठी तेवढीच जागा धरली की १ सेंमी पाठ बरोबर बसते. तिसरा तुकडा घालून सहा पाने करायची असतील तर पाठ दीड सेंमी घ्यावी, तिसरा तुकडा दुसऱ्यापेक्षा आणखी ६ मिमी आखूड कापावा, आणि बाहेरचे कापड व अस्तर या दोन्हींच्या लांबीत अर्धा सेंमी वाढवावा.